राजधानी गेली, नहर राहिली

मुंबईकराला छत्रपती संभाजीनगर, म्हणजे कालपरवापर्यंतचे औरंगाबाद, माहीत असते ते तीन-चार गोष्टींमुळे. शाळेची अजिंठा-वेरूळची सहल, लग्नातली पैठणी, बीबी का मकबऱ्यापुढे काढलेला फोटो आणि अलीकडे नावावरून झालेला वाद. रमजानच्या दिवसांत आमच्या चिंचपोकळी-भायखळा भागात तिकडचे पाहुणे आले, की इफ्तारनंतरच्या गप्पांत नान-खलियाचा विषय निघतो आणि शहराची ओळख तिथेच संपते. वास्तविक महाराष्ट्रातल्या फार थोड्या शहरांनी राजधानीपण इतक्यांदा मिळवले आणि इतक्यांदा गमावले असेल. गिरणगावातल्या वाचकाला हा विषय परका वाटू नये. ज्या कामासाठी वस्ती उभी राहिली ते कामच एके दिवशी निघून गेले तर मागे राहिलेल्या माणसांचे काय होते, हा प्रश्न 1982 च्या संपानंतर आपल्याकडच्या प्रत्येक चाळीने सोसला आहे. औरंगाबादने तो 1763 मध्ये सोसला.

एक खुलासा आधीच करतो. या शहराला खडकी, फतेहनगर, औरंगाबाद आणि छत्रपती संभाजीनगर अशी चार नावे मिळाली. या लेखात ज्या काळाविषयी बोलणे आहे, त्या काळचे नाव वापरले आहे.

राजधान्यांचा प्रदेश

नकाशावर पैठण, दौलताबाद आणि हे शहर अशी तीन टिंबे जोडून पाहा. दोन टोकांमधले अंतर साठ-सत्तर किलोमीटरपेक्षा जास्त भरणार नाही. पैठण म्हणजे प्रतिष्ठान, सातवाहनांची राजधानी. दौलताबाद म्हणजे यादवांची देवगिरी. 1327 मध्ये महंमद तुघलकाने दिल्ली सोडून आपली राजधानी आणली ती याच किल्ल्याच्या पायथ्याशी. आणि तिसरी खडकी. दीड-दोन हजार वर्षांत राज्यकर्ते बदलले, धर्म आणि भाषा बदलल्या, पण दख्खनवर राज्य करायला निघालेला जो तो याच टापूत येऊन बसला.

कारण भूगोलात आहे. उत्तरेकडून बुऱ्हाणपूरमार्गे येणारी वाट अजिंठ्याचा घाट चढून दख्खनच्या पठारावर येते ती इथे. पुढे दक्षिणेला गोदावरीचे खोरे, पश्चिमेला घाट उतरून कोकणच्या बंदरांकडे जाणारे रस्ते. ज्याच्या हातात हा चौक, त्याच्या हातात व्यापार आणि फौजेची ये-जा.

शहर स्वतः एका रुंद खोऱ्यात बसले आहे. उत्तरेला टेकड्यांची एक रांग, दक्षिणेला साताऱ्याचे डोंगर, मधून वाहत जाऊन गोदावरीला मिळणारी खाम नदी. समुद्रसपाटीपासून उंची साधारण 568 मीटर. जमीन काळ्या बसाल्टची. खडकी हे नावच खडकाळ जमिनीची साक्ष देते. पाऊस वर्षाला सरासरी सातशे मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे मुंबईच्या एक तृतीयांशाहूनही कमी, आणि तोही लहरी. खाम ही बारमाही वाहून लाखाच्या वस्तीची तहान भागवणारी नदी नव्हे. वाटेवरची जागा म्हणून पाहिले तर ही उत्तम आणि पाण्याच्या दृष्टीने पाहिले तर कठीण. हा तिढा ज्याने पहिल्यांदा सोडवला, त्याचे नाव मलिक अंबर.

हबशी वजिराची खडकी

मलिक अंबरचा जन्म 1548 च्या सुमारास आजच्या इथिओपियात झाला. लहानपणी गुलाम म्हणून विकला गेलेला हा मुलगा अरबस्तान आणि बगदादचे बाजार पार करत दख्खनमध्ये पोहोचला. अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा चंगीझखान याने त्याला विकत घेतले. तो पेशवाही मुळात हबशी गुलामच होता. पुढे 1600 मध्ये अहमदनगरचा किल्ला मुघलांनी घेतला तेव्हा बुडत्या निजामशाहीला याच माणसाने पाव शतक तारून धरले. 1610 मध्ये त्याने खडकी या खेड्याला राजधानी केले.

त्याच्या फौजेत आणि दरबारात हबशी होते, दख्खनी मुसलमान होते आणि मराठे सरदारही होते. छत्रपती शिवाजी महाराजांचे वडील शहाजीराजे त्याच फौजेतून पुढे आले. 1624 च्या भातवडीच्या लढाईत ते अंबरच्या बाजूने लढले. मराठे सरदारांनी खडकीत आपापले पुरे वसवले. मालोजींवरून मालपुरा, खेळोजींवरून खेळपुरा, परसोजींवरून परसपुरा, विठोजींवरून विठापुरा अशी नावे गॅझेटियरमध्ये नोंदलेली आहेत. म्हणजे पहिल्या आखणीपासूनच हे शहर एका धर्माचे वा एका जातीचे नव्हते. जमिनीची मोजणी करून, तिचा कस आणि पीक पाहून सारा ठरवण्याची त्याची पद्धत महाराष्ट्राच्या महसुली इतिहासात मलिकंबरी या नावाने टिकून राहिली.

मुघलांच्या फौजांनी 1616 मध्ये खडकी लुटून जाळली. अंबरने ती पुन्हा उभी केली. मुघलांवरच्या विजयाची खूण म्हणून त्याने बांधलेला भडकल दरवाजा आजही उभा आहे. पण त्याची खरी इमारत जमिनीच्या वर नाही.

जमिनीखालचे शहर

नहर हा अरबी-उर्दू शब्द. त्याचा साधा अर्थ कालवा. पण नहर-ए-अंबरी हा उघडा कालवा नव्हता. तिची रचना समजून घेण्यासारखी आहे.

शहराच्या उत्तरेला टेकड्यांच्या पायथ्याशी पावसाचे पाणी जमिनीत मुरते आणि खडकाच्या थरावरून हळूहळू खाली सरकत राहते. ओढ्या-नाल्यांची पात्रे कोरडी दिसली तरी हा पाझर चालूच असतो. मलिक अंबरच्या लोकांनी त्या पाझराच्या पातळीवर जमिनीखाली बांधीव चर काढले. आजूबाजूचे पाणी थेंबाथेंबाने त्यात झिरपत जमा होई आणि अगदी बेताच्या उतारावरून शहराकडे वाहत येई. ठरावीक अंतरावर विहिरीसारखी तोंडे ठेवलेली असत. त्यातून माणूस आत उतरून गाळ काढू शके आणि हवाही खेळती राही. शहराजवळ आल्यावर पाणी खापराच्या आणि दगडी नळांत शिरे. वाटेत जागोजागी उंच बांधीव खांब उभारलेले असत. पाणी दाबाने त्या खांबात वर चढे, अडकलेली हवा बाहेर पडे, गाळ खाली बसे आणि तिथून ते वेगवेगळ्या मोहल्ल्यांतल्या हौदांकडे वाटले जाई.

यात मोट नाही, रहाट नाही, बैल नाहीत. उतार हेच इंजिन. पाणी जमिनीखालून येत असल्याने उन्हाने आटत नाही आणि वाटेत घाण होत नाही. वाळवंटी इराणमध्ये अशा रचनेला कनात किंवा कारेज म्हणतात. दख्खनमध्ये बिदरलाही तिचा नमुना आहे. गंमत अशी, की मुघलांच्या बाजूने अंबरशी लढणारा सेनापती अब्दुर्रहीम खानखाना, ज्याला आपण दोहे लिहिणारा रहीम म्हणून ओळखतो, त्याच्या काळात बुऱ्हाणपूरला याच तत्त्वावरचा कुंडी भंडारा उभा राहिला. सालही त्याच दशकातले, 1615. रणांगणात एकमेकांसमोर उभ्या असलेल्या दोघांनीही, माणसे राहायची तर आधी पाणी आणावे लागते, हे ओळखले होते.

अंबर 1626 मध्ये वारला. खुलदाबादला त्याची कबर आहे. त्याचा मुलगा फतेहखान याने शहराला फतेहनगर म्हटले. 1633 मध्ये दौलताबाद मुघलांकडे गेले, 1636 मध्ये शाहजादा औरंगजेब दख्खनचा सुभेदार म्हणून आला आणि त्याच्या दुसऱ्या सुभेदारीत, 1653 मध्ये, औरंगाबाद हे नाव पडले. शहर वाढले, तटबंदी झाली, बावन्न दरवाजांचे शहर अशी ख्याती झाली. औरंगजेबाची पत्नी दिलरस बानू हिच्या स्मरणार्थ मकबरा उभा राहिला. त्याच्या बांधकामाशी अताउल्ला आणि हंसपत राय अशी दोन नावे जोडलेली आहेत. या सगळ्या वाढीला पाणी पुरले ते नहरींमुळेच. राज्य बदलले, पण नव्या राज्यकर्त्यांनी अंबरचे तंत्र टाकून दिले नाही. त्यांनी त्याच पद्धतीच्या आणखी नहरी आणल्या.

दळणाची पाणचक्की

या परंपरेतली सर्वांत लोकप्रिय वास्तू म्हणजे पाणचक्की. बुखाऱ्याकडून आलेले नक्शबंदी सूफी बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या आवारात तुर्कताजखान या सरदाराने ती बांधवली. काम पुरे झाले 1744 च्या सुमारास. काही किलोमीटरवरच्या डोंगरातून नहरीने आलेले पाणी उंच भिंतीवरून मोठ्या हौदात कोसळते. या पाण्याच्या जोरावर लोखंडी पाते फिरे आणि वरचे जाते दळण दळी. ते पीठ कुणासाठी? आवारातल्या लंगरासाठी. फकीर, विद्यार्थी, वाटसरू आणि सैनिक यांच्या भाकरीची सोय त्यातून होई. हौदाच्या खालीच एक मोठे दालन आहे. वर पाणी असल्याने ते भर उन्हाळ्यातही थंड राहते. आवारात पुस्तकांचा मोठा संग्रहही होता.

एकाच पाण्याने वजू, तहान, दळण आणि गारवा अशी चार कामे करून घेणारी ही योजना आहे. उपासाच्या महिन्यात लंगराचे मोल वेगळे सांगायला नको. मला त्यातली आर्थिक बाजू अधिक महत्त्वाची वाटते. दानधर्म करायचा तर तो रोज हात पसरून करावा लागू नये, एकदा अशी यंत्रणा उभी करावी की ती आपोआप देत राहील, हा वक्फच्या कल्पनेचा गाभा आहे. पाणचक्की म्हणजे तिचे दगडी रूप.

राजधानी गेल्यावर

1724 नंतर पहिला निजाम असफजाह याने दख्खनमध्ये आपली सत्ता उभी केली ती औरंगाबादला बसून. 1763 मध्ये निजाम अलीने राजधानी हैदराबादला हलवली. दरबार गेला. त्याच्यामागून सरदार, त्यांचे कारकून, सराफ, अत्तरवाले, शिंपी गेले. हवेल्या ओस पडल्या. गिरणीचा भोंगा थांबला की खानावळवाली, पानवाला, धोबी सगळ्यांचेच काम थांबते, हे लालबाग-परळला माहीत आहे. औरंगाबादेत दरबारच गिरणी होता.

तरी शहर मेले नाही. मागे तीन गोष्टी राहिल्या.

पहिली, हातातला कसब. कापसाचा ताणा आणि रेशमाचा बाणा घेऊन विणलेले हिमरू, त्याचे भाऊबंद मशरू आणि किनखाब. मशरू या शब्दातच शरियतला मान्य असा अर्थ आहे. पुरुषाने अंगाला शुद्ध रेशीम लावू नये हा दंडक, म्हणून आत कापूस आणि बाहेर रेशमाची चमक अशी युक्ती विणकरांनी काढली. तुघलकाच्या काळात दिल्लीहून आलेल्या विणकरांनी ही कला आणली अशी परंपरा सांगते. दरबारी गिऱ्हाईक गेल्यावर माग कमी होत गेले. यंत्रमागाने त्यांना आणखी मागे रेटले. आता हातमागावर हिमरू विणणारी घरे बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत. मदनपुऱ्यातल्या विणकर घराण्यांना ही कहाणी नव्याने सांगण्याची गरज नाही.

दुसरी, भाषा. उर्दू गझलेच्या पहिल्या मोठ्या कवींपैकी वली हा इथला. 1700 मध्ये तो दिल्लीला गेला तेव्हा फारसीत लिहिण्याचा अभिमान बाळगणाऱ्या तिथल्या शायरांना, बोलीच्या भाषेतही अशी कविता होऊ शकते, हे पहिल्यांदा जाणवले. त्याच्यानंतरचा सिराज औरंगाबादीही इथलाच. विसाव्या शतकात मौलवी अब्दुल हक यांनी अंजुमन तरक्की-ए-उर्दूचे कार्यालय इथे आणले. 1921 मध्ये ‘उर्दू’ हे त्रैमासिक इथून निघू लागले आणि 1937 चा त्यांचा प्रसिद्ध इंग्रजी-उर्दू शब्दकोशही औरंगाबादच्या अंजुमननेच छापला. राजधानी नसलेल्या या गावात एका भाषेची टाकसाळ चालत होती. त्या दख्खनी उर्दूत मराठी शब्दांची किती सरमिसळ आहे, हे मराठवाड्याच्या कुठल्याही बाजारात दोन मिनिटे उभे राहिले की कळते.

तिसरी गोष्ट, नहर. विसाव्या शतकातही शहराच्या मोठ्या भागाला तिचे पाणी मिळत होते.

विद्यापीठ, कोर्ट, कारखाने

1900 च्या सुमारास मनमाडहून हैदराबादकडे जाणारी मीटरगेज रेल्वे इथून गेली आणि शहर पुन्हा एका वाटेवर आले. 17 सप्टेंबर 1948 रोजी हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले. 1956 मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आणि 1960 मध्ये महाराष्ट्रात आला. निजामाच्या राज्याच्या कडेला असलेला हा भाग आता मुंबईच्या राज्याच्या कडेला आला.

या वेळी शहराला प्रादेशिक राजधानीपण मिळाले ते संस्थांमुळे. 1950 मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने इथे महाविद्यालय सुरू केले, तेच पुढचे मिलिंद. 1958 मध्ये मराठवाडा विद्यापीठ आले. त्याच्या नामांतरासाठी दलित समाजाने दीर्घ लढा दिला आणि 1994 मध्ये ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ झाले. 1963 मध्ये डॉ. रफिक झकेरिया यांच्या पुढाकाराने मौलाना आझाद महाविद्यालय उभे राहिले. 1981 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे खंडपीठ सुरू झाले. आज आठ जिल्ह्यांच्या मराठवाड्याचे विभागीय आयुक्तालयही इथेच आहे. बीड-परभणीच्या मुलाला पदवी, नोकरीचा अर्ज, कोर्टाची तारीख आणि मोठे हॉस्पिटल या सगळ्यासाठी याच शहराची एसटी पकडावी लागते.

कारखाने आले ते सरकारी धोरणातून. मागास भागात उद्योग नेणाऱ्यांना सवलती द्यायच्या आणि मुंबईत नव्या मोठ्या कारखान्यांना आवर घालायचा, हे राज्याने साठ-सत्तरच्या दशकांत ठरवले. एमआयडीसीने रेल्वे स्टेशन, चिकलठाणा आणि मग वाळूज इथे जमिनी दिल्या. 1985 मध्ये बजाजचा वाळूजचा कारखाना सुरू झाला आणि त्याच्या मागे सुटे भाग बनवणाऱ्या शेकडो लहान कारखान्यांची साखळी उभी राहिली. औषध कंपन्या आल्या, मद्याचे कारखाने आले, 2001 मध्ये शेंद्र्याला स्कोडा आली. 1982 नंतर आपल्याकडचे भोंगे बंद पडत होते त्याच वर्षांत तिकडे पहिल्यांदा पाळी सुरू झाल्याचे भोंगे वाजू लागले.

जपानचा हातभारही या शहराला दोन वेळा लाभला. अजिंठा-वेरूळच्या संवर्धनासाठी आणि पर्यटनासाठी जपानने कर्ज दिले; दिल्ली-मुंबई औद्योगिक कॉरिडॉर हाही भारत-जपान सहकार्यातून पुढे आलेला प्रकल्प. त्यातली ऑरिक ही नवी उद्योगनगरी शेंद्रा आणि बिडकीन इथे सुमारे दहा हजार एकरांवर आकार घेते आहे. साठ वर्षांपूर्वी लाखाच्या आतबाहेर असलेली लोकसंख्या 2011 च्या जनगणनेत पावणेबारा लाखांवर गेली.

उलटा चढ

आणि इथे आपण पुन्हा मलिक अंबरच्या प्रश्नावर येतो. एवढ्या माणसांना पाणी कुठून द्यायचे?

पैठणला गोदावरीवर 1976 मध्ये जायकवाडीचे धरण पूर्ण झाले. संत एकनाथांच्या नावाने त्याच्या जलाशयाला नाथसागर म्हणतात. साठवण सुमारे 102 टीएमसी. शहर आणि उद्योग, दोघांचीही भिस्त आता त्याच्यावर आहे. पण धरणाची पूर्ण भरलेली पातळी समुद्रसपाटीपासून सुमारे 464 मीटर आणि शहर 568 मीटरवर. म्हणजे पाण्याला चाळीस-पन्नास किलोमीटर आणि त्यातही शंभर मीटर चढून यावे लागते. चार शतकांपूर्वी डोंगरातून उतरून येणारे पाणी आज विजेच्या मोटारींनी उलटे चढवले जाते. वीज गेली, जलवाहिनी फुटली, की शहराचा नळ कोरडा. पाणी चार-पाच दिवसांआड येते, उन्हाळ्यात कधी आठवडाही उलटतो. 2020 मध्ये 1,680 कोटींच्या नव्या योजनेचे भूमिपूजन झाले. तिचा खर्च वाढत गेला आणि मुदती पुढे ढकलल्या गेल्या.

मुंबईकराला याची कल्पना करणे अवघड जाते. तानसाचे पाणी 1892 पासून आपल्याकडे उतारानेच येते. चाळीतल्या नळाला पहाटे धार लागते आणि सहेरीची भांडी तिच्यात धुतली जातात; ते पाणी शंभर किलोमीटरवरच्या कुणाच्या तरी डोंगरातून येते याचा आपल्याला विसर पडतो. तिकडे रमजान उन्हाळ्यात आला, की सहेरीला उठलेली बाई आधी पिंपात किती पाणी आहे ते पाहते. होळी, दिवाळी, लग्नसराई, सगळ्याच घरांचे हिशेब पिंपावर चालतात. पाण्याची टंचाई गल्लीचा धर्म विचारत नाही.

नहरींपैकी बहुतेक आज बुजल्या आहेत. काहींच्या तोंडांवर घरे उभी राहिली, काहींत सांडपाणी शिरले, उत्तरेच्या टेकड्यांवरच्या बांधकामांनी मुरणारे पाणी कमी केले. त्या पुन्हा सुरू करून सगळ्या शहराची तहान भागेल असे कुणी म्हणणार नाही. त्या दोन-तीन लाखांच्या शहरासाठीही पुरतील की नाही, हा अभियंत्यांचा विषय. पण ज्या नहरी शाबूत आहेत त्यांतला गाळ काढणे, पाणलोटाच्या टेकड्या मोकळ्या ठेवणे आणि तेवढे पाणी बागांना, मशिदी-मंदिरांच्या आवारांना, दवाखान्यांना देणे हे आवाक्यातले काम आहे. तेवढेच जायकवाडीचे ओझे हलके होईल. पाणी उधळू नका, वजूसाठीसुद्धा नाही, ही शिकवण या महिन्यात प्रत्येक मशिदीत ऐकू येते. तिचा अर्थ नळ बंद करण्यापुरता धरू नये. जिथून पाणी येते ती जागा जपणे हाही त्याचाच भाग आहे.

या शहराच्या नावावर आपण पुष्कळ बोललो. कोर्टातही बोललो, रस्त्यावरही बोललो. नाव हा माणसांच्या मनाचा विषय असतो, त्यामुळे बोलणे होणारच. परंतु ज्याने हे शहर वसवले त्या माणसाने त्याला स्वतःचे नाव दिले नाही. गावाचे जुने नाव खडकी, तेच राहू दिले. त्याचे नाव लागले ते जमिनीखालच्या पाण्याला. पुढच्या वेळी अजिंठा-वेरूळला जाल तेव्हा पाणचक्कीच्या त्या हौदाजवळ थोडा वेळ थांबा आणि ते पाणी कुठून येते, एवढे तिथल्या माणसाला विचारा.